सटवाजी पांचाळांचा अंगठा

"दार लोटून घ्या, मास्तर," मुन्शी वहीदुद्दीन म्हणाले.

एरवी ते मला नंबरानं हाक मारत. मास्तर म्हणाले तेव्हाच मी ओळखलं, की हे बोलणं कुठल्या रजिस्टरात जाणार नाही. मी दार लोटलं. टेबलावर दौत, टाक आणि एक कोरा कागद ठेवलेला होता.

"तो बुड्ढा पांचाळ. डॉक्टर सकाळी बघून गेले. दोन दिवस म्हणतात. फार तर तीन."

मुन्शीजी दखनीत बोलायचे. मी मराठीत सांगतो आहे, पण त्यांचा आवाज मला अजून त्यांच्याच भाषेत ऐकू येतो.

"मग दवाखान्यात हलवा," मी म्हणालो.

"वरून हुकूम आहे. सत्याग्रही कैदी फाटकाबाहेर जाईल तर माफीनामा देऊन जाईल, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून. या महिन्यात दोघे तसे गेले. तिसरा मला नको." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "त्याची लेक चार दिवस झाले फाटकाबाहेर बैलगाडी सोडून बसली आहे. येता-जाता मला तिच्यासमोरून जावं लागतं."

"ते अंगठा देणार नाहीत."

"मी वाचून दाखवला तर देणार नाही. तुम्ही दाखवला तर देईल."

नियम असा होता, की अंगठा घेण्याआधी कागद कैद्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचा. कागद सगळे उर्दूत आणि बरॅकीतले निम्मे कैदी निरक्षर, त्यामुळे हे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचं.

"काय समजावून सांगायचं ते तुमच्यावर," दौतीचं झाकण काढत मुन्शीजी म्हणाले. "मला मराठी येत नाही."

वहीदुद्दीनसाहेबांचं बालपण पैठणला गेलं होतं. मराठी त्यांना माझ्याइतकीच येत होती.

ही अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखातली गोष्ट. देश स्वतंत्र होऊन नऊ महिने झाले होते, आमच्यावर मात्र अजून निजामाचं राज्य होतं. मी तेवीस वर्षांचा, सरकारी शाळेत उर्दूतून गणित शिकवणारा मास्तर. नोकरी सोडून सत्याग्रह केला आणि या जिल्ह्याच्या तुरुंगात येऊन पडलो. तुरुंग म्हणजे मुळात घोडदळाची पागा. घोडे गेले तेव्हा कमानी अर्ध्या बुजवून वर गज लावले, झाली बरॅक. भिंतीतल्या कड्या तशाच होत्या, घोडे बांधायच्या. दीडशे माणसांच्या जागेत आम्ही सहाशेजण राहत होतो, आणि उन्हाळा लागल्यापासून हगवणीची साथ होती.

सटवाजी पांचाळ माझ्याशेजारी निजायचे. हिंगणवाडीचे सुतार, वय पन्नाशीच्या पुढचं. त्यांचा गुन्हा एवढाच, की गावच्या चावडीवर तिरंगा लावायला त्यांनी बारा हातांचा सागवानी दांडा तासून दिला, आणि पोलीस पाटलानं "कुणी केला?" विचारल्यावर "म्या" म्हणून सांगितलं. झेंडा लावणारे पळाले. हे सापडले.

माफीनामा या शब्दाचा त्यांना किती तिटकारा होता, ते साऱ्या बरॅकीला ठाऊक होतं. मार्चमध्ये नरहर नावाच्या कापडदुकानदारानं माफी लिहून दिली. त्याची बायको अडली होती. आमच्या बरॅकीचे पुढारी आप्पासाहेब वकील. त्यांनी ठरवून दिलं होतं, की माफी देणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, आणि तो निघाला की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. नरहर वळकटी काखेत घेऊन दारापर्यंत गेला, थांबला, प्रत्येकाच्या पाठीकडे बघत राहिला. माझं मन द्रवलं, मी थोडा वळलो. सटवाजींनी माझं मनगट धरून मला पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

"त्याची बायको मरेल हो, मामा," मी नंतर म्हणालो.

"मरंल," ते म्हणाले. "माजी बी मेली. पर म्या कुनाच्या पाया पडलो न्हाई."

त्याच माणसासाठी आता मुन्शीजींच्या टेबलावर मी माफीनामा लिहायला बसलो होतो. मजकूर मला पाठ होता. 'फिदवी सटवाजी वल्द मारोती कौम पांचाळ अपने किए पर नादिम है.' फिदवी म्हणजे जीव ओवाळून टाकणारा सेवक. अर्जदारानं स्वतःला तसंच म्हणायची रीत होती. केल्या कृत्याची शरम वाटते. बदमाष लोकांच्या नादी लागलो. सरकार-ए-आलीची इमानदार रयत आहे आणि मरेपर्यंत राहीन. रहम व्हावी. सात ओळी झाल्या. मी टाक एकदाही थांबवला नाही, आणि लिहिणाऱ्याच्या जागी सही केली नाही.

बरॅकीत सटवाजी कुशीवर पडले होते. ओठांना पांढरी साय आली होती. दुपारची वेळ, बाकीचे पाण्याच्या रांगेत बाहेर उभे होते. मुन्शीजी शाईत भिजवलेला फडक्याचा तुकडा घेऊन माझ्यामागे उभे राहिले.

"मामा, अर्ज लिहिलाय तुमच्यासाठी," मी म्हणालो. "सोडतायत तुम्हाला. आजारपणामुळं."

त्यांनी डोळे उघडले. "वाचा."

मी कागद समोर धरला. "मी सटवाजी मारोती पांचाळ, हगवणीनं आजारी आहे. तुरुंगात औषधाची सोय नाही. तरी मला माझ्या मुलीच्या ताब्यात द्यावं. बरा झाल्यावर सरकारनं बोलावलं तर हजर होईन."

"माफी हाय का त्येच्यात?"

"नाही."

"पुना वाचा."

आता मला माझंच खोटं आठवून, शब्दही न बदलता पुन्हा म्हणायचं होतं. मी म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. कागदावर बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, माझ्या बोलण्याबरोबर ते ओळ सरकवत होते. उर्दू उजवीकडून वाचतात एवढं त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं.

मग त्यांनी हात पुढे केला. आता अंगठा दाबायची ताकद उरली नव्हती. मी तो धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला.

तासाभरात त्यांना झोळीतून नेलं. मी बरॅकीत सांगितलं, आजारपणावर सुटले, डॉक्टरांनी सोडवलं. आप्पासाहेबांनी जयजयकार करवला. सहाशे माणसांच्या आवाजात सटवाजी पांचाळ फाटकाबाहेर गेले. नरहरला मिळाल्या त्या पाठी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. एक माणूस वाचला, आणि त्याची मानही गेली नाही, असं मला वाटलं होतं.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या. पाच दिवसांत राज्य गेलं आणि आम्ही हार घालून बाहेर पडलो. आठवड्याभरात त्याच बरॅकी पुन्हा भरल्या. आधी रझाकार आणले, मग ज्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं ते सगळे. मुन्शी वहीदुद्दीन तीन नंबरच्या बरॅकीत साडेचार महिने होते. त्यांनी आम्हाला काय त्रास दिला, असं कुणी मला विचारलं नाही. काही दिला नव्हता, असं मी आपणहून जाऊन सांगितलं नाही. सुटल्यावर ते मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले.

पुढे त्या तुरुंगात चोर राहिले, मग धान्याचं गोदाम झालं, मग नुसती कुलपं. बाहत्तर साली जिल्ह्यानं ठरवलं, की फाटकासमोर स्तंभ उभारायचा आणि तिथं माफी न देता राहिलेल्या सत्याग्रहींची नावं त्यावर कोरायची. नावं पडताळायला समिती नेमली. अध्यक्ष आप्पासाहेब. मी तोवर हायस्कूलचा मुख्याध्यापक झालो होतो, उर्दू वाचणारा म्हणून मलाही घेतलं. बैठक भरायची ती तुरुंगाच्या कचेरीत, मुन्शीजी बसत त्याच खोलीत. हैदराबादहून जुन्या फायली मागवल्या होत्या.

फायली हैदराबादहून येणार हे कळलं त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं. सटवाजी वाचले होते, हे मला ठाऊक होतं. चोवीस वर्षांत आमची दोन-तीनदा बाजारात गाठ पडली होती. दर वेळी ते लोकांना सांगत, "ह्ये मास्तर. ह्येंनी अर्ज लिवला म्हनून म्या जित्ता हाय."

त्या सोमवारी मी कचेरीत शिरलो तेव्हा ते टेबलासमोर उभे होते. खांदे वाकलेले, पण धोतर नवंकोरं. बाजूला त्यांची लेक कोंडाबाई. तीच, गाडी सोडून फाटकाशी बसलेली. आता विधवा होऊन बापाकडेच राहत होती.

"बरं झालं आलात," आप्पासाहेब म्हणाले. ते हैदराबादला उर्दूतूनच वकिली शिकले होते, त्यांना कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. "हे म्हणतात, आम्ही माफी दिली नाही. फाईल म्हणते, दिली."

"मास्तरला इचारा," सटवाजी म्हणाले. आवाजात जराही शंका नव्हती. "अर्ज त्येंनीच वाचला मला. दोनदा वाचला."

आप्पासाहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. सात ओळी. खाली अंगठ्याची जांभळी खूण, एका बाजूला फरफटलेली, कारण उचलताना माझा हात हलला होता. अक्षर माझं होतं. अलिफ जरा उजवीकडे कललेला, काफाची शेपटी लांब.

"अक्षर ओळखता?" आप्पासाहेबांनी विचारलं.

माझ्या नावाची फाईल त्याच गठ्ठ्यात, त्याच टेबलावर होती. सहकाऱ्याचा माफीनामा ज्यानं लिहिला त्याचं नाव दगडावर घ्यायचं की नाही, हे ठरवणारी माणसं माझ्याकडे बघत होती. बाहेर व्हरांड्यात माझ्या शाळेचे दोन शिक्षक बसले होते.

"मुन्शीचं असावं," मी म्हणालो.

"हा कागद तुमच्यासमोर झाला?"

"फार वर्षं झाली, आप्पासाहेब. मला आठवत नाही."

कोंडाबाईनं मान वर केली. सटवाजी मात्र माझ्याकडे नुसते पाहत राहिले. एखादा आजारी माणूस बोलता बोलता भरकटला, म्हणजे आपण पाहतो तसे. मग आप्पासाहेबांकडे वळून म्हणाले, "इसरले असतील मास्तर. लई सालं झाली. त्येंची काय चूक न्हाई."

आणि लेकीला म्हणाले, "चल."

आप्पासाहेबांनी त्यांच्या नावापुढे काट मारली. मी पुढच्या फायली वाचत बसलो. अकरा फायली वाचल्या. एकीतलंही काही डोक्यात शिरलं नाही.

पाचव्या दिवशी मी हिंगणवाडीला गेलो. दुष्काळाचं वर्ष होतं. रस्त्याच्या कडेला बायाबाप्ये खडी फोडत होते. मी घर विचारलं तर एकानं मान न उचलता सांगितलं, "माफीवाल्याचं का? त्ये लिंबाखाली."

लिंबाखाली सटवाजी वाकसानं दांडे तासत बसले होते. दुष्काळी कामावरच्या कुदळींचे दांडे. मला पाहून हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"बसा. कोंडे, पानी आन मास्तरला."

पाणी मी खाली ठेवलं. वाटेत मनाशी जुळवून आणलेलं सगळं सोडून दिलं. "मामा, तो कागद माझ्या हातचा आहे. माफीनामाच होता तो. मी तुम्हाला वाचून दाखवला तो मजकूर त्यात नव्हता. मी खोटं वाचलं."

वाकस चालतच राहिलं. दोन ढलप्या उडाल्या, तिसरी उडाली.

"मुन्शीनं सांगितलं व्हतं तसं कर म्हनून?"

"लिहायला सांगितलं. खोटं वाच असं म्हणाले नाहीत. ते माझ्यावर सोडलं होतं."

"अन् परवा कचेरीत?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"माझंही नाव जाईल म्हणून."

त्यांनी वाकस खाली ठेवलं, दांडा मांडीवर घेतला. "काय लिवलं व्हतं, म्हना बरं. खरं त्ये म्हना."

मी म्हटलं. आधी उर्दूत, मग मराठीत. फिदवी, नादिम, बदमाष लोकांच्या नादी, इमानदार रयत, मरेपर्यंत. दारात कोंडाबाई उभी होती. शेवटच्या शब्दापर्यंत ते हलले नाहीत.

"अन् खाली अंगठा माजाच."

"मी धरून दाबला. तुमच्यात ताकद नव्हती."

"पर माजाच."

"हो."

ते दांड्यावरून हात फिरवत राहिले, कुठं काटा राहिलाय का बघत. मी म्हणालो, "मी समितीला सगळं लिहून देतो. तुमची चूक नव्हती हे सांगतो. तुमचं नाव..."

"नावाचं ऱ्हाऊ दे. मुन्शीवर घातलंस ना तू? त्ये काढ. मेला त्यो मानूस." पहिल्यांदाच ते मला अरेतुरे करत होते. "रागावलो न्हाई तुज्यावर. मेलो असतो म्या, ह्ये बी खरं हाय. कोंडीची पोरं ह्याच लिंबाखाली वाढली. त्येंची लग्नं म्या लावली." त्यांनी दांडा मांडीवरून खाली ठेवला. "पर एक सांग. त्या दिवशी तू मला खरं वाचून दाखवलं असतंस, अन् अंगठा दे म्हनला असतास, तर म्या काय म्हनलो असतो?"

"नाही म्हणाला असता," मी लगेच म्हणालो. "म्हणून तर..."

"तुला काय ठावं?"

मी खाली ठेवलेलं पाणी उचललं.

"लई तान लागली व्हती त्या दिवशी," ते म्हणाले. "कोंडी दिसायची डोळ्याम्होरं. भाईर बसलीया ह्ये कुनीतरी सांगितलं व्हतं. मरायचं भ्या कसं असतंय त्ये तवाच कळलं मला, त्याच्या आधी न्हाई. कुनाला ठावं, हो बी म्हनलो असतो. नरहरवानी. मंग ती माफी माजी असती. आन न्हाई म्हनलो असतो, तर त्ये मरन माजं असतं. तू इचारलंच न्हाईस. आता म्या कसा मानूस हाय, ह्ये मला बी कळायचं न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला तिथून उठता आलं असतं. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता, आणि ते उत्तरासाठी माझ्याकडे पाहत होते. तुरुंगात कागदाचा अर्थ विचारायचे तेव्हा पाहायचे, तसेच.

मी उठलो तेव्हा कोंडाबाई रस्त्यापर्यंत आली.

"मास्तर, तवा तुमी बाबाला वाचवलं, त्ये म्या इसरनार न्हाई," ती म्हणाली. "पर आता पुना येऊ नगा हिकडं. आजपातूर माफी दिली न्हाई म्हनून त्ये गावासंगं भांडत व्हते. आता कुनासंगं भांडतील?"

दुसऱ्याच दिवशी मी समितीला लेखी जबाब दिला. कागद मी लिहिला, मी खोटा वाचला, मुन्शी वहीदुद्दीन यांनी तो लिहिलेला नाही आणि कैद्याचा जीव वाचावा एवढीच त्यांची इच्छा होती. आप्पासाहेबांनी तो दोनदा वाचला. "हे कशाला उकरलंत आता?" एवढंच विचारलं. सटवाजींच्या नावावरची काट त्यांनी काढली नाही. अंगठा आहे म्हणाले. माझ्या नावावर नवी मारली. स्तंभावर चारशे बारा नावं आहेत. सटवाजींचं नाही, माझंही नाही. माझं नसण्याचं मला काही वाटत नाही.

पंचाहत्तर सालच्या पौषात सटवाजी गेल्याचा निरोप आला. पुन्हा येऊ नका म्हटलं होतं, तरी मी दहाव्याला गेलो. नदीवरचं आटोपून लोक पांगले. कोंडाबाई घाटाच्या पायरीवर बसली होती. मला पाहून तिनं हातानं जागा दाखवली, म्हणून बसलो.

"शेवटी शेवटी लई इचारायचे," ती म्हणाली. "जेवता जेवता, काम करता करता. कोंडे, म्या काय म्हनलो असतो गं?"

"तू काय सांगायचीस?"

"कवा म्हनायची, न्हाई म्हनला असता, बाबा. कवा म्हनायची, हो म्हनला असता, माज्यासाठी."

पाण्यावर पिंडांबरोबर सोडलेली फुलं अजून तरंगत होती. मी विचारलं, "कशानं बरं वाटायचं त्यांना?"

तिनं पदरानं हात पुसले.

"कशानंच न्हाई, मास्तर. दोनी वेळंला नुसतं म्हनायचे, तुला काय ठावं."